टाकीला दोन हात

पेंटरला दमायला आता काम लागत नसे. सकाळी उठून चहा पोटात जाईपर्यंत तो निम्मा दमलेला असायचा, आणि उरलेला निम्मा शिडी खांद्यावर घेताना दमायचा. दिवसभर डोकं मागे टाकून छतं रंगवायची आणि संध्याकाळी मान पुन्हा जागेवर आणायची, असं त्याचं चाललेलं. आईवडिलांनी ठेवलेलं एक नाव त्याला होतं, पण ते हल्ली फक्त दवाखान्यात पुकारलं जायचं, आणि तेव्हाही दुसरं कोणीतरी उठेल म्हणून तो खुशाल बसून राहायचा. बाकी सगळ्या जगासाठी तो पेंटर. सासुरवाडीलासुद्धा पेंटर.

कामाला हात चांगला होता. खिडकीची कड अशी ओढायचा की वर पट्टी ठेवून बघावं. पण दोन खोडी होत्या. पहिली, 'झालंच समजा'. गिऱ्हाइकानं विचारलं, पेंटर, कधी होणार? की हा छताकडे बघत म्हणणार, "झालंच समजा. संध्याकाळपर्यंत." ही संध्याकाळ कुठल्या दिवसाची, ते त्याचं त्यालाही माहीत नसायचं. दुसरी खोड जरा खोल होती. भिंतीत ओल असली, पोपडे सुटले असले, तर मालकाला तसं सांगायचं सोडून हा वर पुट्टी फासायचा आणि रंगाचे दोन हात मारून मोकळा व्हायचा. मनात काही काळंबेरं नव्हतं. समोरच्याचा चेहरा पडलेला त्याला बघवायचा नाही, एवढंच. रंग ओला असेपर्यंत सगळे खूश असतात, आणि तेवढ्यात पेंटर शिडी उचलून पुढच्या घरी गेलेला असायचा.

घरातही तो असाच होता, आणि घरातून काही शिडी उचलून जाता येत नाही.

त्याची एकुलती एक मुलगी. लहानपणापासून पाय एका जागी ठरायचा नाही म्हणून घरात सगळे तिला भिंगरीच म्हणायचे. तिचं लग्न झालं, थाटात झालं, आणि काही महिन्यांतच तिचा फोन आला की नवरा हात उचलतो. पेंटर तेव्हा एका शाळेच्या जिन्यात शिडीवर होता. शिडीवरूनच तो म्हणाला, "होईल गं नीट. थोडं सांभाळून घे." तिनं थोडं सांभाळून घेतलं. मग आणखी थोडं. मग एक दिवस बॅग घेऊन दारात उभी राहिली.

आणि पेंटरनं रंगकाम सुरू केलं. समोरच्या वहिनींनी विचारलं, तर म्हणाला, चार दिवस राहायला आलीये. चार दिवस उलटले तेव्हा म्हणाला, जावई कामानिमित्त बाहेरगावी आहेत. मग जावयांची बदली झाली. मग तिचीच तब्येत जरा नाजूक झाली. प्रत्येक वेळी भिंगरी आतल्या खोलीत असायची, आणि घर एवढंसं, सगळं ऐकू जायचं. शेवटी एका सकाळी ती बाहेर आली आणि शांतपणे म्हणाली, "त्यानं हात उचलला, बाबा. आणि तुम्ही वरून हात मारताय. एक झाला, दोन झाले, अजून किती?"

ती निघून गेली. दुसऱ्या गावात एका मोठ्या गोदामात माल बांधायच्या कामावर लागली, खोली घेतली. वहिनींना पेंटरनं सांगितलं, सासरी परत गेली. फोन करायची तो आईला. बाबांना दे, असं कधी म्हणायची नाही, आणि पेंटर फोनच्या आसपास उगीच काहीतरी शोधत राहायचा. याला आता वर्ष होत आलं होतं.

"रविवारी भिंगरी येतेय," एका संध्याकाळी बायको भाजी चिरता चिरता म्हणाली.

पेंटर पाय चेपत बसला होता. चेपायचा थांबला. "राहणार आहे?"

"गाडी न्यायला येतेय म्हणाली."

"पण राहणार आहे का?"

"अहो, सांगितलं ना. गाडी न्यायला येतेय."

गाडी म्हणजे मागच्या अंगणात भिंतीला टेकून ठेवलेली जुनी डर्ट बाइक. पेंटरनंच ती आणली होती. एका बंगल्याचं काम चालू असताना मालकानं ती भंगारात काढली, आणि यानं ती टेंपोत शिड्यांच्या शेजारी आडवी घालून घरी आणली. भिंगरी तेव्हा शाळेच्या शेवटच्या वर्षाला होती. नाक्यावरच्या मिस्त्रीनं इंजिन चालू करून दिलं आणि पोरगी जुन्या खाणीमागच्या माळावर उडायला शिकली. खरंच उडायची. मातीच्या ढिगावरून गाडी हवेत गेली की पेंटर डोळे मिटून घ्यायचा आणि खाली टेकल्याचा आवाज आला की उघडायचा. लग्नानंतर गाडी अंगणातच राहिली. ऊन खात उभी होती. टाकी प्लॅस्टिकची, एकेकाळी लालभडक. आता तिचा रंग उडून ती फिकट गुलाबी झाली होती आणि हात फिरवला की खडूची भुकटी लागायची. उन्हाकडची बाजू तर पार पांढरी पडली होती.

या घरात भिंगरीचं म्हणून आता तेवढंच काय ते उरलं होतं. कपडे तिनं नेले, पुस्तकं आईनं पोचवली. गाडी गेली की या घराकडे यायला तिला काही कारणच उरणार नाही, हे पेंटरला चांगलं कळत होतं. गाडी अडवून ठेवणं त्याच्यानं होणार नव्हतं. त्याला एवढंच वाटत होतं की तिनं टाकी बघावी, बापानं काहीतरी केलं हे तिला दिसावं, आणि जाण्याआधी तिनं त्याच्याशी दोन शब्द बोलावेत. न बोलता गेली तर कायमची गेली, असं त्यानं मनाशी धरलं होतं.

आता पेंटरला दुरुस्ती म्हटली की एकच गोष्ट माहीत. दुसऱ्याच दिवशी कामावरून येताना तो लाल स्प्रेचा डबा घेऊन आला. टाकी उतरवली, धुतली, वरवर पॉलिश पेपर फिरवला, प्रायमरचा एक हात आणि लाल रंगाचे दोन हात मारले. टाकी झाली नवरीसारखी. वाळल्यावर त्यानं ती चढवली, थोडं पेट्रोल ओतलं, आणि बऱ्याच लाथा खाल्ल्यावर गाडी चालूही झाली. तो आवाज ऐकून बायको दारात आली.

"बघ," पेंटर म्हणाला. "आहे की नाही नवीकोरी?"

बायकोनं टाकीकडे बघितलं, मग नवऱ्याकडे. "छान आहे. तुमचं काम नेहमीच छान दिसतं."

त्यात काय होतं ते पेंटरला कळलं, पण तो इतका दमला होता की त्यानं ते कौतुक म्हणून घेऊन टाकलं.

पुढच्या संध्याकाळी तो अंगणात गेला आणि बघतच राहिला. टाकीवर फोड आले होते. लहान, मोठे, काही ठिकाणी रंग तापल्या दुधावरच्या सायीसारखा सुटून सुरकुतला होता. बोट लावलं तर लाल पापुद्रा बोटाबरोबर आला आणि खाली तीच फिकट, आजारी टाकी.

मिस्त्रीला बोलावणं गेलं. मिस्त्री म्हणजे नाक्यावरच्या गॅरेजचा मालक, पेंटरचा शाळेपासूनचा दोस्त आणि तोंडाचा फटकळ. चिंधीला हात पुसत त्यानं टाकीला एक फेरी मारली आणि पोट धरून हसायला लागला.

"अरे पेंटर! रंग मारलास याला?"

"मग काय हळद लावू?"

"हे प्लॅस्टिक आहे, गाढवा. याला रंग धरतच नाही. त्यात तू पेट्रोल भरलंस. पेट्रोलची वाफ या प्लॅस्टिकच्या अंगातून हळूहळू बाहेर झिरपते. तिला वाट मिळाली नाही की ती रंग उचलते. दहा हात मार, दहा फुगतील."

"पत्र्याच्या टाकीचं असं होत नाही."

"पत्र्याला रंग वरून असतो. याला वरून नाहीच. मुळात लाल प्लॅस्टिकच ओतलंय साच्यात. कापलीस तरी आत लालच निघेल. वरचा थर तेवढा उन्हानं मेलाय. तो खरवडून काढ, खाली तिचा रंग तिच्यापाशी आहे."

पेंटरनं टाकीवर हात फिरवला. "म्हणजे रंग नाहीच लावायचा?"

"शपथ आहे तुला."

"मग मी काय करायचं?"

"काढायचं! जन्मभर चढवत आलास, जरा काढून बघ," मिस्त्री म्हणाला, आणि मग त्याच्या चेहऱ्याकडे बघून जरा नरमला. "कोणासाठी करतोयस? भिंगरी येतेय होय?"

पेंटर तोंड उघडून म्हणणार होता, नाही रे, असंच. पण मिस्त्रीपुढे त्याचं कधी चाललं नव्हतं. त्यानं नुसती मान डोलावली.

मिस्त्रीनं उकिडवं बसून सगळं नीट समजावलं. आधी पेट्रोल काढ. झाकण आणि नळ काढून टाकी साबणाच्या पाण्यानं विसळ आणि सावलीत उपडी ठेव, वास पूर्ण जाईपर्यंत. तोवर जवळ काडी पेटवू नकोस, नाहीतर टाकी राहील बाजूला आणि लोक तुलाच बघायला येतील. मग ब्लेड उभं धरून ओढ, कापायचं नाही, खरवडायचं. मग पाणी लावून वॉटर पेपर, आधी जाड, मग बारीक, मग त्याहून बारीक. शेवटी पॉलिश. "घाई केलीस तर ओरखडे राहतील," तो म्हणाला. "आणि तुझं ते झालंच समजा इथं चालणार नाही."

वास जायला टाकीनं आपला वेळ घेतला. रविवार मात्र थांबायला तयार नव्हता. पेंटर दिवसभर कुठल्याशा कार्यालयाची छतं रंगवायचा आणि घरी आल्यावर अंगणात पाट घेऊन टाकी मांडीवर घेऊन बसायचा. आधी स्वतःच मारलेला रंग काढावा लागला, तो नखासारखा चिवट निघाला. मग खालचा पांढरा थर. ब्लेड ओढलं की बारीक कुरळी साल निघायची, पेन्सिलीला टोक काढताना निघते तशी. आणि त्या सालीखाली, अगदी केसाएवढं खाली, लाल होतं. त्याला पहिल्यांदा ते दिसलं तेव्हा त्यानं चष्मा पुसून परत बघितलं. बायकोला हाक मारून दाखवलं. ती वाकून बघत राहिली आणि चहा करायला आत गेली. हा चहा त्यानं मागितला नव्हता.

टाकीच्या दोन्ही अंगांना, जिथे गाडी चालवताना भिंगरीचे गुडघे घट्ट दाबलेले असायचे, तिथे एकेक वाटोळी जागा होती, घासून घासून गुळगुळीत झालेली. भिंतीकडच्या जागेला तर ऊनही फारसं लागलं नव्हतं. रंग मारताना त्यानं त्याही झाकून टाकल्या होत्या आणि त्याच्या लक्षातही आलं नव्हतं. आता त्या परत वर आल्या तेव्हा त्याला भरून आलं. आपण शिडीवरून खाली उतरून फोनवर बोलायला हवं होतं, असं त्याला वाटलं. फार उशिरा वाटलं, पण वाटलं.

खांदा मात्र साथ देईना. रोलर फिरवायची सवय असलेला हात, त्याला हे एवढ्याशा जागेवर गोल गोल घासणं जमेना. थोडं घासलं की बोटं आखडायची. रविवारी सकाळी उजवी बाजू आरशासारखी झाली होती आणि डावी, उन्हाकडची, तशीच पांढरी होती. ती दुपारी येईल, असा त्याचा अंदाज होता.

ती सकाळीच आली.

मागचं दार वाजलं आणि पेंटरनं मान वर केली तर भिंगरी उंबऱ्यात उभी. एका हातात हेल्मेट, दुसऱ्यात काही नाही. बॅग नाही, पिशवी नाही. ती वाळली होती आणि केस आखूड कापले होते. पेंटरच्या मांडीवर टाकी, हाताला लाल चिखल, सदरा कोपरापर्यंत भिजलेला.

"टाकी का काढलीत?" तिनं विचारलं. वर्षभरातलं त्याच्याशी बोललेलं पहिलं वाक्य.

"जरा... साफ करत होतो."

तिनं अंगणाच्या कोपऱ्यात बघितलं. तिथं लाल पापुद्र्यांचा ढीग होता आणि त्यावर स्प्रेचा डबा आडवा पडलेला. "रंग मारला होतात?"

नाही, असं म्हणायला तोंड उघडलंसुद्धा होतं. "मारला होता," पेंटर म्हणाला. "दोन हात. फुगला. मग काढला."

भिंगरीच्या ओठाचा एक कोपरा हलला. तिची आई मागून येऊन दाराला टेकून उभी राहिली होती. कोणीतरी काहीतरी बोलायला हवं होतं, आणि बोलणारी व्यक्ती घराच्या बाजूनं वळून अंगणात आलीच. समोरच्या वहिनी. कधी काळी नेलेला वाडगा परत करायचं निमित्त त्यांच्या हातात होतं.

"अगंबाई, भिंगरी! कधी आलीस गं? किती वाळलीस! आणि जावई? नाही आले या खेपेला पण?"

भिंगरीनं बापाकडे बघितलंच नाही. ती भिंतीला टेकून उभ्या असलेल्या, टाकी नसलेल्या गाडीकडे बघत राहिली आणि हेल्मेटचा पट्टा बोटाला गुंडाळत राहिली. आता पुढे काय येणार ते तिला पाठ होतं. पेंटरलाही होतं. वाक्य तयार होतं, चांगलं, गुळगुळीत: जावई कामात आहेत हो, पुढच्या महिन्यात येतील म्हणाले. नुसतं तोंड उघडायचा अवकाश होता.

पेंटरनं हातातला पेपर पाण्याच्या डब्यात टाकला.

"जावई येणार नाहीत, वहिनी," तो म्हणाला. "तिनं त्याला सोडलंय. मारायचा तो तिला. तिनं मला सांगितलं होतं, तेव्हा मी काही केलं नाही, आणि नंतर वर्षभर तुम्हाला खोटं सांगत राहिलो. बदली नाही, तब्येत नाही, काही नाही. सगळं माझ्या मनाचं."

शब्द त्याच्या नेहमीच्याच थकलेल्या आवाजात निघाले. वहिनींचं तोंड उघडं राहिलं. "असं होय," त्या म्हणाल्या. मग, "बरं केलंस हो पोरी." मग वळल्या आणि परत करायला आणलेला वाडगा तसाच घेऊन निघून गेल्या.

पेंटरला वर बघायचं धैर्य नव्हतं. त्यानं डब्यातून पेपर काढला आणि घासायला लागला. पेपर टाकीवर करकरला.

"कोरडं घासू नका," भिंगरी म्हणाली. ती जवळ आली होती. तिनं ओंजळीनं डब्यातलं पाणी घेऊन टाकीवर सोडलं आणि उजवीकडच्या वाटोळ्या, गुळगुळीत जागेवर अंगठा फिरवला. बराच वेळ फिरवत राहिली. मग टाकी त्याच्या मांडीवरच थोडी वळवून पांढरी बाजू बघितली.

"हे किती वेळात होईल?"

झालंच समजा, हे शब्द त्याच्या जिभेवर येऊन बसले होते. तीस वर्षांची सवय. ती दुपारपर्यंत थांबेल, तो घाई करेल, काहीतरी चमकवून देईल, आणि ती जाईल.

"आज नाही होणार," पेंटर म्हणाला. "ही अख्खी बाजू राहिलीये. खांदा चालत नाही माझा आता. उद्या संध्याकाळ होईल. परवा सकाळसुद्धा होईल."

भिंगरी त्याच्याकडे बघत राहिली. "खरं सांगताय?"

"खरं."

"उद्या ड्यूटी आहे मला." तिनं हेल्मेट या हातातून त्या हातात घेतलं. मग खिशातून फोन काढून कुणाला तरी म्हणाली की उद्याची पाळी बदलून दे, परवाचीही बघ, घरी काम आहे. फोन ठेवला, हेल्मेट घेऊन ती उंबरा ओलांडून आत गेली.

"आई," आतून आवाज आला, "माझी उशी कुठे ठेवलीस?"

उशी कपाटावर होती. बायकोनं ती स्टूल ओढून काढल्याचा आवाज पेंटरनं ऐकला. मग त्यानं पेपर पुन्हा पाण्यात बुडवला आणि राहिलेली बाजू हळूहळू घासायला लागला.